चौसष्ट मेगाबाइटचा गैरसमज : जुन्या संगणकातील ग्राफिक्स कार्ड आणि मेमरीची वाट

जुना संगणक सुरू होत असताना डिलीट कळ दाबली, की बायोसचा, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सेटिंग्जचा, निळा पडदा उघडतो. त्यातल्या चिपसेटच्या, म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि कार्डे यांना जोडणाऱ्या चिपांच्या, पानावर बहुतेक मदरबोर्डांत एक ओळ हमखास सापडते : ‘एजीपी अपर्चर साइझ’, आणि तिच्यासमोर ६४ किंवा १२८ असा आकडा. या एका ओळीने जितके गैरसमज जन्माला घातले, तितके बायोसच्या दुसऱ्या कुठल्या ओळीने घातले नसतील. संगणकात सगळी मिळून २५६ मेगाबाइट रॅम असताना त्यातली ६४ मेगाबाइट ग्राफिक्स कार्डाच्या नावावर परस्पर वर्ग होते, असे समजून कित्येकांनी हा आकडा चारवर आणून ठेवला. उलट, कार्डाला मेमरी जास्त दिली की खेळ वेगाने चालतील, या आशेने काहींनी तो थेट २५६ वर नेला. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. गंमत अशी, की त्यांतली पहिली एका विशिष्ट परिस्थितीत खरी ठरते. त्या परिस्थितीकडे पुढे येऊच.

हा लेख १९९७ पासून साधारण २००५ पर्यंतच्या, म्हणजे एजीपी स्लॉट (ग्राफिक्स कार्डासाठीची खास जागा) असलेल्या संगणकांविषयी आहे. हे संगणक अजून पुरते मोडीत निघालेले नाहीत. कुणी ते जुन्या खेळांसाठी जपून ठेवले आहेत, तर एखाद्या छापखान्यात युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांत जुळवलेली कामे उघडण्यासाठी, प्रिंटरच्या समांतर पोर्टला लावायच्या डोंगलसकट, असा एक संगणक कोपऱ्यात अजून चालू असतो. अशा यंत्रावर चित्र मधेच गोठणे, पडद्यावर रंगीत चौकोन उमटणे किंवा विंडोज सुरूच न होणे, असे प्रकार घडले की पहिला संशय कार्डावर जातो आणि दुसरा रॅमवर. मात्र कार्ड आणि रॅम या दोघांमधल्या वाटेचे नियम ठरवणारी सेटिंग्ज तिसऱ्याच जागी असतात, आणि ती काय करतात हे ठाऊक नसल्यामुळे माणूस अंदाजाने आकडे फिरवत बसतो.

कार्डाला बाहेरच्या मेमरीची गरज का पडली

नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत ग्राफिक्स कार्ड पीसीआय स्लॉटमध्ये बसत असे. ही वाट सेकंदाला जास्तीत जास्त १३३ मेगाबाइट माहिती वाहू शकत होती, आणि तीही साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड व हार्ड डिस्क यांच्यासोबत वाटून घ्यावी लागे. त्याच सुमारास त्रिमितीय खेळ आले. भिंतीवरच्या विटा, जमिनीवरचे गवत, पात्रांचे कपडे यांची चित्रे, ज्यांना टेक्स्चर म्हणतात, ती कार्डावरच्या चार किंवा आठ मेगाबाइट मेमरीत मावेनाशी झाली, आणि कार्डावरची मेमरी तेव्हा महाग होती. यावर इंटेलने काढलेला तोडगा म्हणजे एजीपी. त्याचे पहिले तपशील १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १९९७ च्या ऑगस्टमध्ये ४४० एलएक्स या चिपसेटबरोबर तो बाजारात आला.

एजीपीने दोन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे कार्डासाठी कुणाशी वाटून न घ्यावी लागणारी स्वतंत्र वाट, जिचा मूळ वेग ६६ मेगाहर्ट्झ आणि वहनक्षमता सेकंदाला २६६ मेगाबाइट. दुसरी, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची, म्हणजे प्रोसेसरला मधे न घालता संगणकाच्या रॅममधून थेट वाचण्याची सोय. १९९८ मध्ये आलेले इंटेलचे आय७४० हे कार्ड तर याच कल्पनेवर उभे होते. टेक्स्चर कार्डावर न ठेवता रॅममध्येच ठेवायची आणि लागतील तशी वाचायची, असा त्याचा खाक्या होता. पण पुढे कार्डावरची मेमरी झपाट्याने स्वस्त झाली आणि ही कल्पना मागे पडली. २००० साली आलेल्या जीफोर्स २ एमएक्ससारख्या स्वस्त कार्डाचीही स्वतःच्या मेमरीशी देवाणघेवाण सेकंदाला सुमारे २.७ गिगाबाइट होती, तर चारपट वेगाच्या एजीपी वाटेची कमाल होती सुमारे १.०७ गिगाबाइट. जवळचे भांडार एवढे जलद असताना लांबच्या भांडारातून टेक्स्चर आणणे म्हणजे नाइलाजाचा मामला. म्हणूनच अपर्चर वाढवल्याने खेळाचा वेग सहसा वाढत नाही.

तरीही अपर्चर अगदी बंद करून किंवा चारवर आणून चालत नाही, कारण रॅममधली ती जागा फक्त टेक्स्चरसाठी वापरली जात नाही. प्रोसेसरने कार्डासाठी लिहून ठेवलेल्या आज्ञा आणि आकारांच्या शिरोबिंदूंच्या याद्याही अनेक ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे प्रोग्रॅम, तिथेच ठेवतात. तेवढीही जागा मिळाली नाही तर काही ड्रायव्हर एजीपी सोडून जुन्या पीसीआय पद्धतीवर उतरतात, आणि काही सरळ अडखळतात.

खिडकी म्हणजे गोदाम नव्हे

अपर्चर म्हणजे मेमरी नव्हे, तर पत्त्यांचा पट्टा. हा फरक एकदा ध्यानात आला की निम्मे प्रश्न सुटतात.

सार्वजनिक ग्रंथालयातली दाखल नोंदवही डोळ्यांसमोर आणावी. तिच्यात पुस्तकांचे क्रमांक एकामागून एक, एकही खंड न पडता लिहिलेले असतात. पण ४१२ क्रमांकाचे पुस्तक खिडकीजवळच्या कपाटात असेल आणि ४१३ क्रमांकाचे वरच्या मजल्यावर. वाचक क्रमांक सांगतो, ग्रंथपाल वही पाहून पुस्तक आणून देतो. ग्राफिक्स कार्ड हा असाच वाचक आहे. त्याला सलग पत्ते लागतात, पण विंडोज रॅममधली जागा चार-चार किलोबाइटच्या पानांत, जिथे मोकळी सापडेल तिथे, विखरून देते. या दोघांमध्ये चिपसेट ग्रंथपालाचे काम करतो, आणि त्याच्या वहीला गार्ट, म्हणजे पत्ते फिरवून देणारी सारणी, असे नाव आहे. अपर्चरचा आकडा त्या वहीत क्रमांक किती असावेत एवढेच ठरवतो.

आता हिशेब मांडू. ६४ मेगाबाइटच्या पट्ट्यात चार किलोबाइटची १६,३८४ पाने होतात. सारणीतली प्रत्येक नोंद चार बाइटची धरली, तर अख्खी सारणी ६४ किलोबाइटची भरते. म्हणजे ज्या ‘६४ मेगाबाइट’च्या धास्तीने लोक आकडा खाली आणत होते, त्यात कायमची अडकणारी रॅम एवढीच : एक हजारांश. बाकीची पाने ड्रायव्हर मागेल तेव्हा आणि मागेल तेवढीच गुंततात. वहीत दहा हजार क्रमांकांच्या ओळी आखल्या म्हणून ग्रंथालयात दहा हजार पुस्तके येत नाहीत. म्हणून ‘अपर्चर रॅमच्या निम्मे ठेवावे’ हा दुकानादुकानांत ऐकू येणारा नियम मला कधीच पटला नाही. ६४ किंवा १२८ ठेवावे आणि पुढच्या ओळीकडे वळावे.

एकच पान, दोन नोंदी

सलग पत्त्यांचा प्रश्न सुटला तरी एक अवघड प्रश्न उरतो. प्रोसेसर रॅममध्ये काही लिहितो तेव्हा ते लगेच रॅमपर्यंत पोहोचतेच असे नाही. ते आधी प्रोसेसरच्या स्वतःच्या लहानशा, वेगवान कॅशमध्ये राहते आणि सवडीने खाली उतरते. इतर साधने रॅम वाचतात तेव्हा चिपसेट प्रोसेसरला विचारून खात्री करून घेतो, की ताजी प्रत कॅशमध्ये तर नाही ना. एजीपीच्या वाटेवर वेगासाठी ही विचारणा टाळलेली आहे. साहजिकच, कार्डाला दाखवायची पाने प्रोसेसरने कॅशमध्ये ठेवायचीच नाहीत, असा करार ड्रायव्हर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांना पाळावा लागतो.

हा करार मोडला की काय होते, याचे गाजलेले उदाहरण म्हणजे एएमडीच्या अ‍ॅथलॉन प्रोसेसरचे. विंडोज २००० आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली आपल्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी, रॅम चार किलोबाइटच्या पानांऐवजी चार मेगाबाइटच्या मोठ्या पानांत मोजत, कारण त्यामुळे प्रोसेसरचे काम हलके होते. पण अशा एका मोठ्या पानाच्या पोटात एजीपीला दिलेले एखादे लहान पानही येई. मग रॅमच्या त्याच तुकड्याच्या दोन नोंदी होत : एजीपीच्या बाजूने ‘कॅश करू नये’, आणि मोठ्या पानाच्या बाजूने ‘कॅश करण्यास हरकत नाही’. अ‍ॅथलॉन पुढची आज्ञा काय असेल याचा अंदाज बांधून आगाऊ काम करत असे. या अंदाजात तो कधी त्या तुकड्याची जुनी प्रत कॅशमध्ये ओढून घेई, ती आपण बदललेली आहे अशी खूण करी, आणि अंदाज चुकल्यावरही ती जुनी प्रत नंतर रॅमवर परत लिहून टाकी. तेवढ्या वेळात तिथे कार्डासाठी ताज्या आज्ञा आलेल्या असत. त्या पुसल्या जात, कार्ड शिळा मजकूर आज्ञा म्हणून वाचे आणि यंत्र गोठे.

२००२ च्या जानेवारीत लिनक्सच्या वर्तुळात या प्रकाराची मोठी चर्चा झाली. मोठी पाने वापरूच नयेत असे सांगणारा ‘मेम=नोपेंटियम’ हा शब्द गाभ्याला सुरुवातीलाच दिला, की गोठणे थांबत असे; विंडोज २००० मध्ये तेच काम रजिस्ट्रीतल्या एका नोंदीने होई. रॅम निर्दोष, कार्ड निर्दोष, खेळही निर्दोष, आणि तरी दर अर्ध्या तासाने गोठणारे यंत्र ज्यांनी त्या काळात पाहिले असेल, त्यांना हे वाचून थोडे हायसे वाटेल.

कॅशशी नाते असलेली आणखी काही सेटिंग्ज बायोसमध्ये दिसतात. ‘व्हिडिओ बायोस कॅशेबल’ आणि ‘व्हिडिओ रॅम कॅशेबल’ या दोन ओळी डॉसच्या जमान्याच्या आहेत. विंडोजचे ड्रायव्हर त्या वाटेला जातच नाहीत, त्यामुळे त्या बंद ठेवल्याने काहीही बिघडत नाही. ‘व्हिडिओ मेमरी कॅश मोड’ या ओळीत यूसी आणि यूएसडब्ल्यूसी असे दोन पर्याय असतात. पहिल्यात प्रोसेसर कार्डाकडे एकेक तुकडा पाठवतो, दुसऱ्यात थोडा मजकूर साठवून एकगठ्ठा पाठवतो. दुसरा पर्याय वेगवान आहे. मात्र जुन्या कार्डावर चित्रात रेघा किंवा ठिपके उमटू लागले, तर पहिला लावून पाहावा.

रॅम वाढवली आणि रॅम अपुरी पडली

विंडोज ९८ च्या संगणकात हौसेने एक गिगाबाइट रॅम बसवणाऱ्यांना एक विलक्षण संदेश भेटतो : विंडोज सुरू करण्यास मेमरी अपुरी आहे. काल २५६ मेगाबाइटमध्ये सुखाने चालणारे यंत्र आज चौपट रॅम मिळूनही रुसते. याचे मूळही रॅमच्या टंचाईत नसून पत्त्यांच्या टंचाईत आहे.

बत्तीस बिटांच्या प्रणालीत एकूण पत्ते चार गिगाबाइटचे. त्यांतला सर्वांत वरचा एक गिगाबाइट विंडोज ९८ स्वतःच्या कारभारासाठी राखून ठेवते. डिस्कवरची माहिती तात्पुरती साठवणारा व्हीकॅश हा भाग याच पट्ट्यात पत्ते घेतो, आणि रॅम जितकी जास्त तितका मोठा पट्टा तो सुरुवातीलाच अडवून बसतो. एजीपी अपर्चरलाही पत्ते तिथेच लागतात. रॅम ५१२ मेगाबाइटच्या पुढे गेली की दोघांची ओढाताण सुरू होते. पत्ते संपतात, आणि रॅम ढिगाने मोकळी असूनही ती वापरता येत नाही. विंडोज कसेबसे सुरू झाले, तरी डॉसची खिडकी उघडताना तशाच अर्थाचा संदेश पुन्हा समोर येतो. यावर मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेला उपाय म्हणजे ‘सिस्टिम.आयएनआय’ या फाइलमधल्या व्हीकॅश विभागात मॅक्सफाइलकॅश या नावाने ५२४२८८ किंवा त्याहून लहान मर्यादा घालणे. हे नाव अर्थातच रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता लिहायचे. मी स्वतः अशा यंत्रात अपर्चरही ६४ वर ठेवतो, म्हणजे वरच्या गिगाबाइटमधली गर्दी दोन्ही बाजूंनी कमी होते.

आणि आता सुरुवातीच्या त्या समजुतीकडे. २००३ मध्ये आलेल्या इंटेलच्या ८६५ आणि ८७५ या चिपसेटांच्या मदरबोर्डांवर चार गिगाबाइट रॅम बसवता येत असे. त्यावर बत्तीस बिटांचे विंडोज एक्सपी टाकले की रॅम तीन गिगाबाइट आणि काहीतरी एवढीच दिसते. पत्ते चारच गिगाबाइटचे, आणि त्यांतच कार्डावरच्या मेमरीला, अपर्चरला आणि इतर साधनांना जागा द्यावी लागते. जिथे त्यांनी पत्ते घेतले, तिथली रॅम झाकली जाते. कार्डाची स्वतःची २५६ मेगाबाइट आणि अपर्चरची २५६ मेगाबाइट धरली, तर अर्धा गिगाबाइट तिथेच गेला. म्हणजे २५६ मेगाबाइट रॅमच्या यंत्रात जी समजूत खोटी होती, ती चार गिगाबाइटच्या यंत्रात शब्दशः खरी होते, आणि तिथे अपर्चर कमी केले तर दिसणारी रॅम खरोखर वाढू शकते.

एजीपीची जागा घेणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या संगणकांतली ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ ही ओळ याच घराण्यातली. प्रोसेसरला कार्डाची मेमरी एका वेळी सहसा २५६ मेगाबाइटच्या खिडकीतूनच दिसत असे; ती खिडकी अख्ख्या कार्डाएवढी करायची, तर चार गिगाबाइटच्या वरचे पत्ते खुले करावे लागतात. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मदरबोर्डावर हा प्रयोग करण्याआधी बायोस अद्ययावत आहे ना, आणि हार्ड डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेली नाही ना, हे पाहून घ्यावे. कारण त्यासाठी जुनी सुसंगतता, म्हणजे सीएसएम, बंद करावी लागते, आणि ती बंद केल्यावर एमबीआर डिस्कवरून विंडोज उठत नाही. एवढे सांगून पुन्हा एजीपीकडे वळतो.

वेग आणि व्होल्टेज

एजीपीचे वेग एकपट, दुप्पट, चारपट आणि आठपट असे आहेत, आणि सेकंदाला २६६ मेगाबाइटपासून ते २.१ गिगाबाइटपर्यंत जातात. आकडा बायोसमध्ये बदलता येतो, पण त्यामागे व्होल्टेजचा प्रश्न दडलेला आहे, आणि तिथे चूक झाली तर नुसते यंत्र गोठून भागत नाही. पहिल्या पिढीची कार्डे ३.३ व्होल्टवर चालत. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीने १.५ व्होल्ट आणले, आणि आठपट वेगाच्या तिसऱ्या आवृत्तीत संदेशांचे व्होल्टेज ०.८ वर आले. चुकीचे कार्ड बसूच नये म्हणून स्लॉटमध्ये आडवी पट्टी आणि कार्डाच्या कडेला तिच्या जोडीची खाच ठेवलेली असते : ३.३ व्होल्टची खाच कार्डाच्या धातूच्या पट्टीकडे, १.५ व्होल्टची तिच्यापासून दूर. दुर्दैवाने काही जुन्या कार्डांना दोन्ही खाचा कापलेल्या असत, पण ती खरी ३.३ व्होल्टचीच असत. पेंटियम ४ साठीचे इंटेलचे ८४५ आणि ८५० हे चिपसेट फक्त १.५ व्होल्टचे असल्यामुळे, असे कार्ड त्यांत बसवल्यास मदरबोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. त्यामुळे जुन्या बाजारातून कार्ड आणताना खाच पाहणे पुरेसे नाही. कार्डावरच्या चिपचे नाव वाचावे आणि ती चारपट वेग देते का, याची खात्री करावी, कारण चारपट वेग ३.३ व्होल्टवर चालत नाही.

वाटेचा मूळ वेग ६६ मेगाहर्ट्झच राहिला पाहिजे, हेही अनेकदा विसरले जाते. प्रसिद्ध ४४० बीएक्स चिपसेटमध्ये एजीपीचा वेग मुख्य वाटेच्या, म्हणजे प्रोसेसर आणि चिपसेट यांना जोडणाऱ्या वाटेच्या, एकपट किंवा दोन तृतीयांश एवढाच ठेवता येत असे. त्यामुळे हौसेने मुख्य वाट १३३ मेगाहर्ट्झवर नेली, की एजीपी ८९ मेगाहर्ट्झवर पळू लागे. काही कार्डे ते निमूट सोसत, काही सोसत नसत. ओव्हरक्लॉक केलेल्या, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेल्या, यंत्रावर एजीपीची इतर सेटिंग्ज चाळत बसण्याआधी हे गणित करून पाहावे.

‘फास्ट राइट’ ही ओळ मात्र जरा थांबून पाहण्यासारखी आहे. चारपट एजीपी म्हटले, की सगळीच वाहतूक चारपट वेगाने चालते असे वाटते. तसे नाही. कार्ड स्वतः रॅममधून वाचते ते त्या वेगाने. पण प्रोसेसर कार्डावर थेट लिहितो ते जुन्या पीसीआयच्या रीतीने, ६६ मेगाहर्ट्झवरच. फास्ट राइट चालू केले की हे लिहिणेही वरच्या वेगाने होते. कागदावर ही सोय उत्तम आहे. प्रत्यक्षात बहुतेक खेळांत प्रोसेसर कार्डावर थेट फारसे लिहीतच नाही, म्हणून फायदा नाममात्र, आणि कार्ड व चिपसेट यांचे वेळेचे गणित जरा चुकले की यंत्र गोठते. संशयितांच्या यादीत मी हिला पहिला क्रमांक देतो.

कुठून सुरुवात करावी

चित्र बायोसच्या पडद्यापासूनच फाटके दिसत असेल, अक्षरांच्या जागी चिन्हे किंवा उभ्या रेघा उमटत असतील, तर या लेखातली कुठलीच सेटिंग उपयोगाची नाही. तो कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा किंवा चिपचा दोष समजावा. विंडोजचे साधे काम तासन् तास नीट चालते, पण त्रिमितीय खेळ सुरू झाल्यावर काही मिनिटांत चित्र गोठते आणि आवाजाचा शेवटचा तुकडा अडकलेल्या तबकडीसारखा फिरत राहतो, हे एजीपीच्या वाटेचे ठळक लक्षण. आणि खेळ गोठत नाही, पण पूर्वीपेक्षा फारच रखडत चालतो, तेव्हा एजीपी मुळात चालूच नाही, अशी दाट शक्यता असते.

हा शेवटचा प्रकार ओळखायला सोपा आहे. विंडोजमध्ये ‘डीएक्सडायग’ हे तपासणीचे साधन चालवून डिस्प्लेचे पान उघडले, की तिथे एजीपी टेक्स्चरची स्थिती लिहिलेली असते. ती उपलब्ध नाही असे दिसले, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा टाकण्याची घाई करू नये. आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये चिपसेटच्या एजीपी कंट्रोलरचे नाव दिसते का, की त्याजागी नुसते ‘पीसीआय टू पीसीआय ब्रिज’ असे सर्वसाधारण नाव आहे, हे पाहावे. सर्वसाधारण नाव असेल, तर विंडोजला ग्रंथपालाची ओळखच पटलेली नाही, आणि गार्टची वही उघडलेलीच नाही. व्हीआयए या कंपनीच्या चिपसेटांसाठी ‘फोर इन वन’ नावाचा ड्रायव्हरसंच असे तो याचसाठी. आधी चिपसेटचा ड्रायव्हर, मग संगणक पुन्हा सुरू करणे, आणि त्यानंतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, हा क्रम मोडू नये.

माझ्याकडचा संगणक मात्र गोठणाऱ्यांपैकी होता. २००२ च्या सुमारास जुळवलेले यंत्र, २५६ मेगाबाइट रॅम, ६४ मेगाबाइटचे कार्ड, चारपट एजीपी. मोटारींच्या शर्यतीचा एक जुना खेळ सुरू केला, की दहाव्या-बाराव्या मिनिटाला तिसऱ्या फेरीच्या आसपास चित्र थांबे. मी आधी बायोसमधली सगळी मूल्ये वहीत उतरवून घेतली. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यावाचून पुढचे सगळे निरर्थक ठरते, कारण तीन आकडे एकदम बदलून यंत्र सुधारले, तर कशाने सुधारले ते कधीच कळत नाही. मग वेग चारपटीवरून दुपटीवर आणला. खेळ पाऊण तास चालला आणि गोठला. वेग पुन्हा चारपट केला आणि फक्त फास्ट राइट बंद केले. त्या संध्याकाळी खेळ तीन तास चालला, आणि रात्रभर नुसता चालू ठेवला तरी सकाळी मोटारी फिरतच होत्या. अपर्चर ३२, ६४ आणि १२८ असे तिन्ही लावून पाहिले. काडीचा फरक पडला नाही.

इथे प्रकरण मिटले असे मी धरले, आणि ते चुकले. एप्रिलच्या उकाड्यात तेच गोठणे परत आले, फास्ट राइट बंद असतानाही. या वेळी बायोसऐवजी पेटीचे झाकण उघडले, कार्ड काढले आणि स्लॉटच्या कडेला विजेरीचा उजेड टाकला. तिथे ओळीने उभ्या असलेल्या चार कॅपॅसिटरांपैकी दोघांची डोकी सपाट राहिली नव्हती. फुलक्यासारखी वर आली होती, आणि एकाच्या टोकाला तपकिरी, वाळलेला थर होता. स्लॉटला मिळणारी वीज स्थिर ठेवण्याचे काम याच कॅपॅसिटरांचे. फास्ट राइट बंद केल्याने वाटेवरचा ताण तेवढ्यापुरता कमी झाला होता, आणि दुपटीच्या वेगाने जो पाऊण तास मिळाला, त्याचाही अर्थ आता लागला.

दुरुस्ती करणाऱ्याने त्याच क्षमतेचे आणि त्याच व्होल्टेजचे चार नवे कॅपॅसिटर बसवून दिले. घरी येऊन मी वहीतली मूळ मूल्ये एकेक करून परत लावली, फास्ट राइटसुद्धा. ते आजही चालूच आहे.